क्लास कोणता लावायचा? बडोद्याच्या एका आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी एकोणीस वर्षांची, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकते, मांजलपूरला घर, प्रॅक्टिकल आणि लायब्ररी उरकून ॲक्टिव्हावरून रात्री नऊच्या पुढे परतते. नवरात्र दोन महिन्यांवर आलंय. कराटे, क्राव मागा की ज्युदो, यांतलं काय लावावं? किती दिवसांत ती ‘तयार’ होईल? आणि बावन्नाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनिशी तुम्हाला स्वतःला काही शिकता येईल का?

मी ज्युदो खेळत मोठी झाले आणि गेली बरीच वर्षं इथेच बडोद्यात मुलींना आणि बायकांना शिकवते. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. घराजवळ ज्युदो किंवा कुस्तीचा चांगला शिक्षक असेल तर तिथे घाला. नसेल तर ज्या क्लासात समोरचा जोडीदार खरोखर विरोध करतो तो निवडा, पाटीवर नाव काहीही असो. पण डावपेचांच्या आधी एक गोष्ट शिकायची असते, ती बहुतेक क्लासांत शिकवतच नाहीत आणि आपल्या घरांत तर तिच्या उलटंच शिकवतात. त्यावर जरा जास्त लिहिते.

तुमच्या पत्रात धोका म्हणजे अंधारा रस्ता आणि अनोळखी माणूस. तो धोका खोटा नाही, त्याकडे मी पुढे येते. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी एकच सांगतात: बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं वचन दिलेला मुलगा, ओळखीतले सर. आता विचार करा, फक्त ठोसे आणि लाथा शिकलेली मुलगी सोसायटीतल्या काकांनी लिफ्टमध्ये कमरेवर हात ठेवला तर काय करेल? पहिल्याच सेकंदाला कोणी काकांच्या नाकावर फटका मारत नाही. तिला वाटतं, चुकून लागला असेल. मग वाटतं, बोललं तर आईला काय वाटेल. तेवढ्यात दुसरा मजला येतो, आणि काकांना कळतं की ही बोलत नाही.

म्हणून माझ्याकडे पहिल्या आठवड्यात कुणीही कुणाला मारत नाही. समोरासमोर उभं राहून मोठ्याने वाक्यं म्हणायची. ‘काका, हात काढा.’ ‘सर, दार उघडं ठेवा.’ ‘मला घरी जायचंय, गाडी थांबव.’ ऐकायला सोपं वाटतं, पण सूर्यनमस्कार घामाघूम होईपर्यंत घालणाऱ्या मुलींचा आवाज इथे घशातच अडकतो. आपण त्यांना लहानपणापासून मोठ्यांना उलट बोलू नये, पाहुण्यांच्या मांडीवर बस, पापी दे, असंच शिकवत आलो. म्हणून मी आदरार्थी बहुवचन काढून टाकायला सांगत नाही. ‘काका’ म्हणायचं, ‘काढा’ म्हणायचं, पण त्या वाक्याला ‘प्लीज’ नाही, हसू नाही, कारण नाही. हात छातीच्या उंचीवर, तळवे पुढे, एक पाय मागे, नजर त्याच्या चेहऱ्यावर. पाहणाऱ्याला ही मुलगी फक्त थांबवते आहे असं दिसतं, आणि गरज पडली तर तेच हात मारायलाही तयार असतात.

हे नुसतं माझं मत नाही. शार्लिन सेन यांच्या संशोधनगटाने कॅनडातल्या तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींवर एक अभ्यास केला, तो २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. एका गटाला १२ तासांचं प्रशिक्षण, तीन-तीन तासांचे चार भाग. दुसऱ्या गटाला नेहमीची माहितीपत्रकं. वर्षभरानंतर पाहिलं तर माहितीपत्रकं मिळालेल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२. म्हणजे जवळपास निम्मं. आणि त्या चार भागांपैकी हातापायांच्या डावांचा भाग एकच. बाकीच्या भागांत ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका लवकर कसा ओळखायचा, ओळखूनही मन ते का नाकारतं, आणि आपल्याला काय हवंय, काय नकोय ते आधीच कसं ठरवायचं, यावर काम होतं. बारा तास, ताई. ‘ब्लॅक बेल्ट होईपर्यंत काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांना मी हा अभ्यास दाखवते.

आता डावांकडे. भीती वाटली की शरीरात ॲड्रिनलिन उसळतं, हाताची बोटं थरथरतात, नजर अरुंद होते, बारीक हालचाली जमत नाहीत. म्हणून मनगट मुरगाळून अमुक बोट तमुक कोनात वळवायचं असले डाव फळ्यावर छान दिसतात आणि पार्किंगमध्ये विसरतात. टिकतात त्या मोठ्या, ढोबळ हालचाली: ढकलणं, तळव्याने मारणं, कोपर, गुडघा, कंबर उचलणं, पळणं.

मूठ वळून मारायला मी नव्या मुलींना शिकवत नाही. कवटी कठीण असते, आणि मुठीने डोक्यावर मारलं की बहुधा आपल्याच करंगळीच्या मागचं तळहाताचं हाड मोडतं. बॉक्सर पट्ट्या आणि ग्लोव्ह्ज हौस म्हणून बांधत नाहीत. तळव्याचा मनगटाजवळचा जाड भाग नाकावर किंवा हनुवटीखाली, तेवढं पुरे. ‘दोन पायांच्या मध्ये मार, संपलं’ हा सल्ला आईपासून मैत्रिणीपर्यंत सगळे देतात. लागला तर लागतो. पण पुरुष ती जागा आपोआप वाचवतात, अंगात रग असली तर वेदना उशिरा जाणवते, आणि पाय उचलताना आपलाच तोल जातो. त्या एका फटक्यावर सगळं सोपवू नका.

मनगट पकडलं तर मुली हात मागे ओढतात. समोरचा ताकदवान असेल तर त्याला हेच हवं असतं. त्याच्या पकडीत सगळ्यात कमजोर जागा म्हणजे अंगठा आणि बोटं जिथे भेटतात ती फट. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची, एक पाऊल त्याच्याकडे टाकायचं, आपलं कोपर त्याच्या कोपराच्या दिशेने न्यायचं आणि झटका द्यायचा. दुसरा हात मोकळा असेल तर त्याने स्वतःचीच मूठ धरून दोन्ही हातांचा जोर लावायचा. केस धरले तर त्याचा हात दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर घट्ट दाबायचा, म्हणजे मुळं ओढली जात नाहीत, आणि त्याच्यापासून लांब न जाता त्याच्या अंगावर चालून जायचं.

गळा दाबणं हा प्रकार वेगळ्या गांभीर्याने घ्या. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपू शकते. विचार करायला वेळ नसतो. हनुवटी छातीकडे, खांदे वर, एका हाताने त्याचा एक अंगठा खालच्या दिशेने हिसकायचा, दुसरा हात त्याच्या डोळ्यांकडे, आणि बाजूला वळत बाहेर. सुटल्यानंतर ‘काही नाही झालं’ म्हणून घरी झोपू नका. गळ्यावर वळ दिसो न दिसो, आवाज घोगरा झाला, गिळताना दुखलं, डोकं गरगरलं किंवा क्षणभर शुद्ध गेली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, कारण आतल्या रक्तवाहिनीची इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनीही डोकं वर काढते. नवऱ्याने गळा दाबला हे आमच्याकडे येणाऱ्या बायका फार उशिरा आणि फार हळू आवाजात सांगतात. घरात एकदा गळ्याला हात गेला असेल तर डावांचा सराव हा त्यावरचा उपाय नाही. तिथून सुरक्षित बाहेर पडण्याचा बेत आखायचा, आणि त्यासाठी गुजरातमध्ये १८१ ही अभयम हेल्पलाइन आहे, समुपदेशक गाडी घेऊन घरापर्यंत येतात.

जमिनीवर पडणं. याचसाठी मी ज्युदो-कुस्तीचं नाव आधी घेतलं. मुलगी पडली आणि वर माणूस बसला की कराटेचे बहुतेक वर्ग तिथे संपतात, ज्युदो आणि कुस्ती तिथे सुरू होतात. पाठीवर पडल्यावर हनुवटी छातीशी धरून डोकं वाचवणं, दोन्ही पाय त्याच्या आणि आपल्या मध्ये आणणं, तो पोटावर बसला तर त्याचा एक हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवून कंबरेची कमान करून त्याला त्या बाजूला उलथवणं, आणि उठताना एक हात मागे टेकून, एक पाय ढालीसारखा पुढे ठेवून उठणं. एवढं महिनाभर घासून केलं तर पन्नास किलोची मुलगी ऐंशी किलोच्या माणसाला उलथवू शकते. मी हे रोज मॅटवर पाहते.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युदो सुरू केला तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतले जिवावर बेतणारे प्रकार मोकळ्या सरावातून बाजूला ठेवले, म्हणजे उरलेलं पूर्ण जोर लावून, रोज, एकमेकांना इजा न करता खेळता येईल. माझ्या मते स्वसंरक्षणाच्या शिक्षणातला हा सगळ्यात मोठा शोध आहे. ‘प्राणघातक’ डाव हवेत करणाऱ्यापेक्षा साधा डाव विरोध करणाऱ्या माणसावर रोज करणारी मुलगी जास्त तयार असते. आपल्या बडोद्याला तर हे नवं नाही. गायकवाडांच्या काळापासून इथे पैलवान पोसले गेले, दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रो. माणिकरावांचं नाव अजून घेतलं जातं. मल्लखांब, लाठी, लेझीम यांनी मुलीच्या अंगात चपळाई आणि पकड येते, ती जरूर येऊ द्या. पण तेवढ्याने निःशस्त्र झटापट येत नाही, त्यासाठी समोर माणूस लागतो.

कराटेचं मूल्य त्या त्या वर्गावर ठरतं. नुसत्या काता, म्हणजे एकट्याने हवेत करायच्या ठरलेल्या हालचाली, आणि परीक्षा असतील तर शिस्त येईल, झुंज येणार नाही. तायक्वांदोतल्या उंच लाथा चनियाचोलीत किंवा जीन्समध्ये पार्किंगच्या खडीवर मारून बघा, लगेच कळेल. बॉक्सिंग चांगलं, कारण अंतर कळतं आणि फटका खाल्ला तरी आपण शाबूत राहतो हे कळतं. क्राव मागा इमी लिख्टेनफेल्ड यांनी ब्रातिस्लावाच्या रस्त्यांवरच्या मारामाऱ्यांच्या अनुभवातून आणि नंतर इस्रायली सैन्यासाठी घडवलं. त्यामागचा विचार उत्तम आहे, पण आज दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीला टांगून कोणीही शिकवायला बसतं.

म्हणून क्लास बघायला जाल तेव्हा एक तास नुसत्या बसा. जोडीदार हात धरून पुतळ्यासारखा उभा राहतो की ओढतो, ढकलतो, सुटू देत नाही, हे बघा. मुली ओरडतात का बघा. शिक्षक स्पर्श करण्याआधी विचारतो का हे नक्की बघा. ‘दाखवतो’ म्हणत न विचारता कंबर धरणारा माणूस मुलीला नेमका उलटा धडा देतो आहे. दार उघडं हवं, आत दुसरी मोठी बाई हवी. आणि चाकू हातातून हिसकावून घ्यायचे डाव पहिल्याच महिन्यात शिकवत असतील तर पैसे परत मागा. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युएलर यांनी १९८३ मध्ये दाखवलं की चाकू घेतलेला सामान्य माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. बंदूकवाल्या पोलिसालाही तो वेळ अपुरा पडतो. चाकू दिसला की पर्स, मोबाईल, मंगळसूत्र जे मागतोय ते दूर फेकायचं आणि उलट दिशेने पळायचं. सोनं पुन्हा घेता येतं.

गोठून जाण्याबद्दल तिच्याशी आजच बोला, क्लास लागायची वाट बघू नका. स्टॉकहोममधल्या तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, ७० टक्के जणींनी सांगितलं की त्या क्षणी शरीर लक्षणीय प्रमाणात हलेनासं झालं होतं. घसा बंद, हातपाय जड. ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, संमती नव्हे, भित्रेपणाही नव्हे. सरावाने ती दरवेळी टळेल असं वचन मी देत नाही. पण जोरात श्वास बाहेर सोडून एक ठरलेला शब्द ओरडायची सवय शेकडो वेळा घोटलेली असली की कोंडी फोडायला एक जागा मिळते. आणि कधी गोठलीच, तर ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न तुमच्या तोंडून कधीही येणार नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा.

काय ओरडायचं? इथे रस्त्यावर ‘वाचवा’पेक्षा ‘दूर रहो!’ जास्त चालतं, गुजरातीतही तेच आणि हिंदीतही तेच. गर्दीतल्या एका माणसाकडे बोट दाखवून, ‘ओ निळा शर्टवाळा भाई, पोलीस बोलावो!’ सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक कुणाचीच नसते, एकाला सांगितलं की तो हलतो.

नवरात्रासाठी थोडं खास. सराव रोजच्या ट्रॅकपँटवरच न करता शेवटच्या पंधरवड्यात एकदा तरी चनियाचोली आणि तेच चप्पल घालून करा. घेर दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलून पळता येतं का? ओढणी खांद्याला आणि कमरेला सेफ्टी पिनांनी घट्ट टाचलेली असते, म्हणजे मागून ओढणाऱ्याला आयती मूठ मिळते. एकच पिन ठेवा, ओढलं की सुटेल अशी. मैदानात आत सहसा अडचण येत नाही, ती येते रात्री बारानंतर पार्किंगच्या टोकाला. गाडी गेटजवळच्या उजेडात लावा, परतताना चौघी-पाचजणी एकत्र निघा, सगळ्यात लांब राहणारीला आधी घरी सोडा. गाडीमागे कुणी लागलंय असं वाटलं तर घराकडे वळायचं नाही. पेट्रोल पंप, पोलीस चौकी, उघडं मेडिकल, जिथे माणसं आणि कॅमेरा आहे तिथे थांबायचं आणि ११२ लावायचा. बडोदा पोलिसांची स्त्रियांच्या मदतीसाठीची ‘शी टीम’ही असते, त्यांना बोलावणं म्हणजे बोभाटा नव्हे. आणि रोज रात्री नऊचं परतणं बंद करू नका, एवढी माझी विनंती. तिची लायब्ररी बंद करून तिचं रक्षण होत नाही.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मुली विचारतात, ‘मी मारलं तर माझ्यावर केस होईल का?’ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं खाजगी बचावाच्या हक्काची आहेत. स्वतःच्याच काय, दुसऱ्या कुणाच्याही शरीराचं रक्षण करण्याचा हक्क ३५व्या कलमात आहे. ३७वं कलम सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला, जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तर ३८व्या कलमाखाली हा हक्क हल्लेखोराचा मृत्यू होण्यापर्यंतही जातो. आणि ४०व्या कलमाप्रमाणे धोका आहे तोवरच हक्क आहे. तो पळत सुटला की मागे धावून मारायचं नाही. काही घडलंच तर अंघोळ न करता, कपडे न धुता, मेसेज न पुसता आधी दवाखाना आणि पोलीस. तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही.

किती दिवस? आठवड्यातून तीन दिवस, दोन महिने. एवढ्यात तिला बोलणं, अंतर राखणं, मनगट-केस-गळा सोडवणं आणि जमिनीवरून उठणं येईल. ज्युदोच्या फेकी यायला वर्ष जाईल, ती घाई करू नये. दोन महिन्यांनी पुरुषाशी ठोशाला ठोसा देत उभी राहील असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

आणि तुम्ही. गुडघे दुखत असले तर फेकी आणि उड्या सोडा, मॅटवर पडण्याचा सराव आधी जाड गादीवर बसूनच सुरू करतात आणि तो तुमच्या वयाला सगळ्यात उपयोगी आहे, कारण बाथरूममध्ये घसरल्यावरही तोच कामाला येतो. आवाज, मनगट, केस, गळा, कोपर यांना गुडघे लागत नाहीत. हाडांची तपासणी झाली नसेल तर आधी डॉक्टरला विचारा. मग रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं लेकीला समोर उभी करा. तिने तुमचं मनगट धरायचं, पहिल्यांदा हलकं, मग निम्म्या जोराने, मग सगळा जोर लावून, आणि तुम्ही ‘हात काढ!’ म्हणत सोडवायचं. नंतर अदलाबदल. शेजारी विचारतील कसला आवाज आहे. त्यांच्या मुलींनाही बोलवा.